नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीचा इतिहास: मिशनचा किती, मंडळीचा किती?

प्रवरातीर

गेल्या महिन्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कमिटीने मंडळीचा इतिहास लिहून काढण्याचे काम माझ्याकडे सोपवले. आमची मंडळी प्रवरेच्या खोऱ्यातल्या एका खेड्यातली, साठ-सत्तर घरांची. तिची मुळे मात्र नगरच्या पहिल्या मंडळीत आहेत, आणि त्या मंडळीला 2033 साली दोनशे वर्षे पूर्ण होतील. तोपर्यंत आपल्यासारख्या लहान मंडळीनेही आपली हकिगत लिहून ठेवावी, अशी कमिटीची इच्छा आहे. मी काम हाती घेतले आणि पहिल्याच पानावर अडलो, म्हणून हा धागा काढला आहे.

अडचण अशी की, हाती येणारे बहुतेक लेखन मिशनचा इतिहास सांगते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. 1831 च्या डिसेंबरात ग्रेव्ह्ज, रीड आणि हर्वी हे तिघे नगरला आले. त्यांपैकी हर्वी पुढच्याच वर्षी पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, वारले. मग शाळा निघाल्या, नियतकालिक निघाले, दवाखाना झाला. हे सारे खरे आहे आणि ते लिहिलेच पाहिजे. पण या तिघांबरोबर नगरला आलेले बाबाजी रघुनाथ हे मराठी ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ या यादीत बहुधा शेवटी येतात किंवा येतच नाहीत. नगरमध्ये आंधळ्या, पांगळ्या आणि निराधार माणसांसाठी एक आश्रयगृह होते, तिथे बाबाजी नेमाने जात, त्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलत बसत, आणि मंडळीच्या सुरुवातीच्या सभासदांत त्याच आश्रयगृहातली माणसे होती. 1833 साली मंडळी स्थापन झाली आणि त्याच वर्षी बाबाजीही पटकीने गेले. ज्या मंडळीचे पहिले सभासद रस्त्याकडेची निराधार माणसे होती, तिच्या इतिहासात त्यांना एक ओळ मिळते आणि छापखान्याला चार पाने, हे मला फार खटकते.

आमच्या मंडळीच्या कपाटात बाप्तिस्म्याचे एक जुने रजिस्टर आहे. एका पावसाळ्यात छत गळून त्याचा वरचा कोपरा भिजला, त्यामुळे कित्येक पानांवर सालांचे शेवटचे आकडे उमटत नाहीत. रकाने साधेच आहेत: अनुक्रम, नाव, आईबापांचे नाव, गाव, तारीख, पाळकाची (मंडळीच्या धर्मगुरूची) सही आणि शेवटी शेरा. पहिले सहा रकाने सगळीकडे सारखे दिसतात. शेऱ्याच्या रकान्यात मात्र माणसे भेटतात. "मुंबईस गिरणीत गेले." "दुष्काळात परत आले." "पटकीने मयत." "शाळा चालवितो." एका बाईच्या नावापुढे फक्त "आजाऱ्यांकडे जाते" एवढेच लिहिलेले आहे. मला वाटते, मंडळीचा इतिहास या रकान्यातून सुरू व्हावा. जाणकारांचे मत हवे आहे.

अभ्यासिका

आपला विचार मनाला भिडला, तरी एका गोष्टीबद्दल सावध करावेसे वाटते. मिशन वेगळे आणि मंडळी वेगळी अशी ठळक रेघ ओढली, तर ज्या ठिकाणी दोन्ही एकमेकांत मिसळली होती तीच ठिकाणे निसटतील.

मुलींच्या शाळांचेच पाहा. सिंथिया फॅरार 1827 साली मुंबईस आल्या. अमेरिकन बोर्डाने, म्हणजे हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेने, परदेशी पाठवलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित स्त्री मिशनरींपैकी त्या एक. 1839 साली त्या नगरला आल्या आणि 1862 साली नगरलाच वारल्या. जोतीराव फुले आपल्या मित्रासोबत नगरला गेले असता त्यांनी फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, त्या त्यांना फार आवडल्या आणि पुण्याला परतल्यावर त्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली, हे त्यांच्याच तोंडचे कथन 1853 साली 'ज्ञानोदया'त छापून आले आहे. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणाचा संबंधही त्यांचे चरित्रकार फॅरारबाईंच्या नगरच्या शाळेशी जोडतात. आता विचार करा, तेवीस वर्षे एक परदेशी बाई नगरच्या पेठांतून आणि वस्त्यांतून मुली गोळा करते, ते तिच्या एकटीच्या बळावर होईल का? मुलीला घरून आणून पुन्हा घरी पोचवणारी बाई, ओटीवर बसून आईची समजूत घालणारी बाई, पंतोजी, त्यांची बायको, ही सगळी मंडळीची किंवा मंडळीच्या आसपासची माणसे होती. शाळा मिशनची होती, पण तिचे पाय मंडळीचे होते.

'ज्ञानोदय'सुद्धा असाच. तो 1842 मध्ये नगरला निघाला आणि काही वर्षांत मुंबईस गेला. मराठीतल्या सर्वांत दीर्घायुषी नियतकालिकांत त्याची गणना होते, पण तुमच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातला सर्वांत मोलाचा भाग अग्रलेखांचा नसून खेड्यापाड्यांच्या बातम्यांचा आहे. कोणत्या गावी कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणत्या विहिरीवर कोणाला पाणी नाकारले, कोणत्या शाळेत मास्तर टिकला नाही, हे सारे तिथे छापलेले सापडते. भिजलेल्या कोपऱ्यातली साले कदाचित तिथून भरून काढता येतील.

आणखी एक साल विसरू नका, 1854. त्या वर्षी हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा आणि सुवार्ताही आपणच पुढे न्यावी, हे त्यांचे आग्रहाचे मत होते. या मताचे भले-बुरे दोन्ही परिणाम झाले. इंग्रजी शाळांवरचा भर कमी झाला, त्याचे नुकसान एका पिढीला सोसावे लागले. पण खेड्यातली मंडळी आपला मराठी पाळक आपण पोसू शकते, ही कल्पना त्या काळात रुजली. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या सालापाशी आहे.

सह्याद्रीवाट

मी ख्रिस्ती नाही, पण धागा मन लावून वाचत आहे. 'मंडळी' म्हणजे चर्चची इमारत की तिथे जमणारी माणसे? आणि पाळकाला वेतन कोण देते?

प्रवरातीर

मंडळी म्हणजे माणसे. इमारतीला आम्ही चर्च किंवा उपासना मंदिर म्हणतो. इमारत पडली तरी मंडळी असते; आमची मंडळी कित्येक वर्षे शाळेच्या खोलीत आणि उन्हाळ्यात लिंबाखाली भरत असे. पाळकाचे वेतन पूर्वी मिशनकडून येई, नंतर काही वाटा मंडळीच्या वर्गणीतून आणि दानार्पणातून जमू लागला. आपला प्रश्न साधा वाटला तरी माझ्या अडचणीच्या मुळाशी तोच आहे, कारण वेतन देणाऱ्याच्या दप्तरात नोंद राहते आणि वेतनाशिवाय राबणाऱ्याची राहत नाही.

टाळवीणा

अभ्यासिकाताईंनी शाळांबद्दल लिहिले, मी कीर्तनाबद्दल लिहितो, कारण मंडळीने स्वतः घडवलेली आणि मिशनला शिकवता येण्यासारखी नसलेली हीच एक गोष्ट होती, असे माझे ठाम मत आहे.

मिशनरींनी आणलेली उपासना म्हणजे इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी गीते आणि व्यासपीठावरचे प्रवचन. खेड्यातला माणूस रात्री जेवणखाण आटोपून पारावर बसला, तर तासभर ऐकेल ते कीर्तन. 1860 च्या दशकात नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे आणि त्यांच्या सोबत्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा सुरू केली. पूर्वरंगात निरूपणाचा विषय, उत्तररंगात ख्रिस्तचरित्रातले आख्यान, मध्ये पदे, साकी, दिंडी, आणि साथीला टाळ, मृदंग, वीणा. बायबलातल्या उधळ्या पुत्राचे आख्यान मी लहानपणी ऐकले आहे. बाप लांबून मुलाला ओळखतो आणि धावत सुटतो, तिथे कीर्तनकार थांबले, उपरणे खांद्यावरून काढून हातात घेतले आणि एक शब्दही न बोलता दोन पावले पुढे झाले. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. त्यांच्यातले बरेचजण ख्रिस्ती नव्हते.

याच वाटेने पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांच्या सेवेची मोठी वर्षे नगरला गेली. त्यांनी अभंग आणि ओवी यांच्या वळणाची गीते लिहिली आणि ती आजही मराठी मंडळ्यांत दर रविवारी गायली जातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली राहुरीला झाला, म्हणजे तुमच्याच प्रवरेच्या बाजूला. तुमच्या इतिहासाच्या दृष्टीने मला 1917 साल महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, आणि हे काम कोणाच्या पगारावर अवलंबून नसावे, ही त्यांची तळमळ होती. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण आपण जो प्रश्न आज विचारत आहात, तोच त्यांनी आपल्या आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत जगून पाहिला.

शेवगावची लेक

शेऱ्याच्या रकान्यातल्या त्या बाईबद्दल वाचले आणि माझी आजी डोळ्यांपुढे उभी राहिली, म्हणून लिहिते.

आजी बायबलबाई होती. आमच्याकडे याच नावाने त्या स्त्रियांना ओळखत. पाळक पुरुषांशी बोलत, पण घराच्या आत, चुलीपाशी, बाळंतिणीच्या खोलीत जाण्याचा अधिकार बायबलबाईचा. आजीच्या पिशवीत एक शुभवर्तमान, सुईदोरा, ओव्याची पुरचुंडी आणि बोरिक पावडरचा डबा असे. ती दिवसाला दोन-तीन वस्त्या पायी करी. बाळंतिणीची नाळ कापायला विळा नको, पाते आधी उकळून घ्या, हे ती प्रत्येक घरी सांगे, आणि मग जाताना एक गीत म्हणे. तिला शाळेतले चार इयत्तांचेच शिक्षण होते, पण पोस्टकार्ड वाचून घ्यायला अर्धे गाव तिच्याकडे येई, त्यात पाटलांच्या घरचेही येत, फक्त ते सांजवेळी मागच्या दाराने येत. तिला याचे वाईट वाटत असे का, ते मी तिला कधी विचारले नाही, आणि आता ते राहूनच गेले.

छप्पन्याच्या दुष्काळाच्या गोष्टी तिने तिच्या आईकडून ऐकल्या होत्या. अभ्यासू मंडळी सांगतील की 1899-1900 च्या त्या दुष्काळात मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांनी मदतीचे मोठे काम केले आणि अमेरिकेहून मक्याने भरलेले 'क्विटो' हे जहाज मुंबईस आले. आमच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट त्यापेक्षा लहान आहे. पणजीच्या घरी रोज भाकरीचे पीठ मळण्यापूर्वी एक मूठ पीठ बाजूच्या गाडग्यात टाकत, आणि शनिवारी ते गाडगे पाळकांच्या घरी पोचे. दुष्काळातही ती मूठ बंद झाली नाही, फक्त लहान झाली, असे आजी सांगे. मिशनने आणलेली पोरकी मुले त्याच पिठावर जेवली. मुठीचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आजी थकल्यावर घरच्यांनी तिच्या सेवेचा दाखला मागितला, तेव्हा संबंधित कार्यालयाने तिचे नाव कोणत्याच पटावर नसल्याचे कळवले. चाळीस वर्षांच्या कामाचा एकही कागद नव्हता. म्हणून दादा, माझी विनंती आहे की तो शेऱ्याचा रकाना तुम्ही जसाच्या तसा छापा, अगदी शुद्धलेखन न सुधारता.

जामखेड रस्ता

ताईंच्या आजीच्या पिशवीचे वर्णन वाचून मला जामखेड आठवले. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले आणि 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचा कणा म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविका. पुष्कळशा निरक्षर, पुष्कळशा दलित वस्तीतल्या स्त्रिया. त्यांना बाळंतपण, जुलाब, कुपोषण, क्षय यांबद्दल शिकवून त्यांच्याच गावात परत पाठवायचे, आणि जिच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते तिच्याच हातून गावाने औषध घ्यायचे. जगभरचे डॉक्टर हे पाहायला जामखेडला येत असत. आरोळे यांच्या कल्पनेचे श्रेय मला यत्किंचितही कमी करायचे नाही, पण नगर जिल्ह्याची माती या कल्पनेला अनोळखी नव्हती, कारण बायबलबाई दोन-तीन पिढ्या याच वाटांनी चालत होत्या.

संस्थांबद्दल दोन वाक्ये. नगरला स्त्रियांसाठी दवाखाना 1904 साली डॉ. रूथ ह्यूम यांच्या हाताखाली सुरू झाला आणि पुढे मुक्तिफौजेने (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेने) तो चालवला. 1947 साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय काढले. इथे संस्थापक मिशनरी नसून या मातीतला ख्रिस्ती माणूस आहे, हे इतिहासात ठळक यावे.

आता एक अवघड मुद्दा. इतिहास लिहिताना पटावरची नावे एकाएकी कमी होताना दिसतील, आणि तिथे कारण न देता पुढे जाणे योग्य होणार नाही. जिल्ह्यातल्या बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार आणि मांग समाजांतले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा आजतागायत झालेला नाही. खेड्यातल्या भूमिहीन कुटुंबाला मुलाच्या शिष्यवृत्तीचा आणि नोकरीचा प्रश्न पडतो, तेव्हा त्याने कागदावर काय लिहावे, याचा निवाडा दुसऱ्या कोणी करू नये. काही घरे कागदावर एक आणि रविवारी एक अशी जगली. काही घरे बाबासाहेबांच्या मागे बौद्ध धम्मात गेली आणि तरीही नाताळला मंडळीत जेवायला येत राहिली. याबद्दल लिहिताना कोणाच्याही निषेधाचा सूर नसावा, एवढीच विनंती.

अभ्यासिका

जामखेड रस्ता यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. फक्त एक जोडते. नावे कमी होण्याचे दुसरे कारण स्थलांतर आहे. मंडळीतल्या शिकलेल्या मुली परिचारिका आणि शिक्षिका होऊन पुणे, मुंबई, मिरज येथे गेल्या, मुले रेल्वेत आणि कारखान्यांत गेली. ज्या मंडळीने शिक्षण दिले तीच त्यामुळे रिकामी होत गेली. शिवाय मंडळीची पाटीही बदलत गेली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा ख्रिस्ती परंपरा एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तेव्हा कपाटातले 1970 नंतरचे कागद वेगळ्या शीर्षकाखाली असू शकतील. शोधताना तेही पाहा.

सह्याद्रीवाट

आज तुमची मंडळी गावासाठी काय करते, तेही इतिहासात येणार आहे का?

प्रवरातीर

येणार आहे, आणि ते फार भव्य नाही. सभागृहात संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिका चालते, कारण वस्तीवर वीज गेली की सभागृहातला इन्व्हर्टर तेवढा चालू असतो. तिथे येणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले ख्रिस्ती नाहीत. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली म्हातारी माणसे मागे राहतात, त्यांना दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत दुपारचा डबा स्त्रीमंडळ पोचवते. त्याचा खर्च कापणीच्या सणातून निघतो. त्या दिवशी लोक पहिले पीक वेदीपुढे आणून ठेवतात: ज्वारीची कणसे, कांद्याची गोणी, दुधी भोपळा, अंडी, एखादी कोंबडी. उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. गेल्या वर्षी एका विधवा बाईंनी आणलेली सहा अंडी पाच वेळा विकली गेली, कारण घेणारा प्रत्येकजण ती पुन्हा वेदीपुढे नेऊन ठेवत होता.

आपणा सर्वांचे मनापासून आभार. अभ्यासिकाताईंचे म्हणणे मला पटले. मिशन आणि मंडळी यांच्यात रेघ ओढण्याचा विचार मी सोडला आहे. रचना अशी ठरवतो आहे: डाव्या पानावर त्या वर्षाची जिल्ह्यातली मोठी घटना, मग ती शाळा असो, दुष्काळ असो किंवा कायदा, आणि उजव्या पानावर त्याच वर्षांतले आमच्या रजिस्टरातले शेरे, शुद्धलेखन न सुधारता. 'ज्ञानोदया'च्या जुन्या अंकांतून साले जुळवण्याचे काम पावसाळ्यानंतर सुरू करेन.

शेवगावच्या ताईंना एक सांगायचे आहे. "आजाऱ्यांकडे जाते" हा शेरा काल पुन्हा भिंग लावून पाहिला. त्याच्या खाली, फिकट पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात आणखी दोन शब्द आहेत: "पगार नाही." ते कोणी आणि केव्हा लिहिले, याची सही नाही. ते दोन्ही शब्द छापले जातील. आपल्या आजीचे नाव, गाव आणि त्यांनी कोणत्या वस्त्या केल्या, हे आपण मला खासगी निरोपात कळवलेत, तर उजव्या पानावर त्यांच्यासाठीही एक ओळ राखून ठेवतो.